सुकी मासळी डॉट कॉम, मालक लंडन

१५ एप्रिल, मंगळवार. सकाळी १०.१०

नाव मिळालं. डहाणूसुकीमासळी डॉट कॉम आजपासून माझं. पंचाहत्तर दिवस वाट पाहिली. अशी नावं उचलायला जगभरातले लोक टपलेले असतात, असं ऑनलाइन कोर्समधले सर सांगतात. म्हणून नऊ वाजल्यापासून दर मिनिटाला पान रिफ्रेश करत होतो. जगभरातून कोणीच आलं नाही. स्पर्धेत मी एकटा होतो आणि जिंकलो.

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, म्हणून सगळं स्पष्ट लिहितो. धंदा असा: वेबसाइटचं नाव दरवर्षी पैसे भरून चालू ठेवावं लागतं. मालक विसरला की काही दिवसांनी ते मोकळं होतं. ते आपण घ्यायचं आणि ज्याला हवं त्याला विकायचं. सर याला डिजिटल प्लॉट म्हणतात. यात कोणाचं काही जात नाही. जे गेलेलंच आहे तेच आपण घेतो.

संकल्प:
१. वर्षभरात वीस नावं घेणे.
२. दिवाळीपर्यंत सदानंदशेठच्या फॉर्म भरण्याच्या दुकानातली नोकरी सोडणे.
३. मेलेल्या माणसाचं, देवाचं किंवा शाळेचं नाव कधीही न घेणे. धंद्याला नियम हवेत.

बचत गटाचा नियमांत उल्लेख नाही. पुन्हा तपासलं. नाही.

१५ एप्रिल. दुपारी, गिऱ्हाईक नसताना

नोंद पूर्ण असावी म्हणून लिहितो. हे नाव डहाणूच्या खाडीवरच्या बायकांच्या बचत गटाचं होतं. जयश्रीकाकी त्यांच्या अध्यक्ष. बोंबील, जवळा, मांदेली सुकवून मुंबई, पुणे, सुरतेला कुरिअरने पाठवतात. तीन वर्षांपूर्वी साइटचा फॉर्म आमच्याच दुकानात भरला. म्हणजे मी भरला. काकींचा ईमेल नव्हता, म्हणून दुकानाचा दिला. सगळ्यांना तोच देतो. गंजाडपासून झरीपर्यंत किती माणसांचे मेल आमच्या दुकानात येतात त्याला हिशेब नाही. पॅनकार्ड, पीकविमा, पोलीस भरती, सगळं. मी ते बघतो आणि त्या त्या माणसाला फोन करतो. ही माझी जबाबदारी आहे व ती मी चोख पार पाडतो.

नाव संपत आल्याचे मेल आले होते. पाच. मी ते वाचले नाहीत. फक्त उघडले. इनबॉक्समध्ये न उघडलेला मेल दिसला की मला जेवण जात नाही.

फोन करायचा राहिला. दुकानात गर्दी होती. पंचाहत्तर दिवस गर्दी होती.

१७ एप्रिल, गुरुवार

गंजाडला घरी आहे. आई चिकूच्या वाडीत तोडणीला जाते. तिला सहज विचारलं, झाडाखाली पडलेला चिकू कोणाचा? ती म्हणाली, वाडीवाल्याचा. मी म्हटलं, वाडीवाला आठ दिवस आलाच नाही तर? म्हणाली, मग त्याला हाक मारायची. मी म्हटलं, त्याला ऐकूच गेलं नाही तर? तिने भाकरी उलटवली आणि विचारलं, तू मारलीस का हाक?

मी विषय बदलला. आई चौथीपर्यंत शिकली आहे. माझं बारावीनंतर एक वर्ष कॉलेज झालंय. डिजिटल गोष्टींना चिकूचे नियम लागत नाहीत. उदाहरण निवडताना माझीच चूक झाली.

२१ एप्रिल, सोमवार

साइटच्या जागी विक्रीचं पान लावलं. 'हे नाव विकणे आहे.' कंपनी: ओशनिक नेम्स, लंडन. डहाणू रोडचा पत्ता दिला की गिऱ्हाईक घासाघीस करतं, लंडनशी करत नाही. किंमत चाळीस हजार. सर म्हणतात, भीडभाड न बाळगता आकडा टाका.

पानावर आपोआप जाहिरातीही येतात. सुकी मासळी या शब्दांवरून मशीनने अंदाज बांधला आणि मांजरांच्या खाण्याच्या जाहिराती लावल्या. मशीन अजून बाल्यावस्थेत आहे.

२३ एप्रिल, बुधवार

जयश्रीकाकी आल्या. महालक्ष्मीच्या जत्रेतला स्टॉल दुसरीवर सोपवून थेट इथे. पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी फोन करून विचारलं म्हणे, काकी, तुम्ही मांजरांचं खाणं कधीपासून विकायला लागलात? काकींना आधी हसू आलं. मग त्यांनी स्वतः मोबाईलवर पाहिलं, तेव्हा मांजरच दिसलं.

पावसाआधीचा महिना हाच त्यांचा वर्षाचा धंदा. लोक चार महिन्यांचं सुकं भरून ठेवतात. शेडमध्ये चाळीस गोणी बोंबील बांधून तयार आहेत. पावसाची हवा लागली की माल नरम पडतो, मग त्याला कोणी विचारत नाही. ऑर्डरी सगळ्या साइटवरून येतात. पूर्वी पाकिटावर काकींचा फोन नंबर असायचा, पण त्या बाजारात बसल्या की फोन उचलायला हात रिकामा नसायचा. तेव्हा नंबर काढा, साइटचं नाव पुरे, असं मीच सुचवलं होतं. सल्ला चांगला होता. मी तो कोणालाही पुन्हा देईन.

मी दहा मिनिटं तपासणी केली. अतिशय बारकाईने. मग म्हणालो, सर्व्हर.

काकींनी मान डोलावली. म्हणाल्या, तू बघतोयस ना, मग मला कसली काळजी? गुडघा इतका दुखतोय की तुमचा हा मेला जिना चढवत नाही, पण भाविका म्हणाली दुसऱ्या दुकानात जा, तर मी म्हटलं, छट्, आपला मनिष आहे. भाविका म्हणजे त्यांची मुलगी, वापीला कंपनीत असते.

जाताना कागदात बांधलेला जवळा टेबलावर ठेवून गेल्या. घ्यायला नको होता. पण न घेता परत केला असता तर संशय आला असता.

संकल्प: सोमवारी नाव गपचूप परत करणे. नक्की.

२८ एप्रिल, सोमवार

आज परत करणारच होतो. त्याआधीच भाविकाने मोबाईलवर ते पान नीट वाचून काकींना सांगितलं, आई, नाव कोणीतरी विकत घेतलंय, लंडनवाला आहे. आता अचानक नाव परत आलं तर विचारतील, कसं आलं? परत करायलाही योग्य वेळ असावी लागते. ती गेली. यात दोष भाविकाचा.

काकी भिकीमावशींना घेऊन आल्या. भिकीमावशी गटाच्या खजिनदार, बोलायला तिखट. म्हणाल्या, लिही त्या मेल्या गोऱ्याला. मी कीबोर्ड घेतला. त्या सांगत गेल्या: तुला कोळंबीची शप्पथ, तुझ्या आईने तुला काय शिकवलं, बायकांच्या ताटातलं उचलतोस, तुझ्या घशात बोंबलाचा काटा अडको. मी सौम्य इंग्रजीत रूपांतर केलं आणि गटाच्या वतीने लंडनला पाठवलं.

एक मिनिटाने ते पत्र माझ्या मोबाईलवर आलं. खिशात थरथरलं. भिकीमावशी म्हणाल्या, फोन वाजतोय बघ तुझा. मी म्हटलं, वाजू दे.

पत्र वाचलं. उत्तम लिहिलं आहे. माझ्यावर परिणाम झाला.

३० एप्रिल, बुधवार

लंडनचं उत्तर पाठवलं. किंमत बारा हजार. सर म्हणतात, पहिल्याच पत्रात खाली यायचं नसतं. पण गटाच्या बाजूने माझा मुद्दा इतका पक्का होता की लंडनला दुसरं काही सुचेना.

काकींना उत्तर मराठीत वाचून दाखवलं. म्हणाल्या, माणूस तसा बरा बोलतो. बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

२ मे, शुक्रवार

लाईट नाही. शुक्रवारी दिवसभर दुरुस्तीला बंद असते. लंडनचं काम ठप्प.

बसल्या बसल्या कागदाच्या मधोमध रेघ ओढून 'धंदा' आणि 'चोरी' यांतला फरक लिहायला घेतला. धंद्याच्या बाजूला नऊ मुद्दे झाले. चोरीच्या बाजूला एकच: हाक मारली नाही. नऊ विरुद्ध एक. तरीही दुपारी डबा खाल्ला गेला नाही. उकाडा आहे.

५ मे, सोमवार

काकी म्हणाल्या, त्याला विचार, बाबा, पाकिटं छापून बसलीयत, दोन हजार पाकिटं, त्यांचं काय करू? नवीन नाव घेतलं तर ती चुलीत घालायची का?

लंडनच्या वतीने लिहिलं: तीन हजार. शिवाय, पावसाची हवा लागून गोण्यांतले बोंबील नरम पडू नयेत ही सदिच्छा, आणि आपल्या गुडघ्याला आराम पडो. शेवटच्या ओळी लिहायचं ठरवलं नव्हतं. आपोआप लिहिल्या गेल्या. पत्रात आपुलकी असली की सौदा पटकन होतो.

संध्याकाळी काकी पुन्हा आल्या तेव्हा ते वाचून दाखवलं. गुडघ्यावर हात फिरवत जिना उतरून गेल्या. दुखत असणार.

९ मे, शुक्रवार

लाईट नाही. चार दिवस काकी आल्या नाहीत. बरं आहे. काम करता येतं.

काम झालं नाही.

१२ मे, सोमवार

आज समुद्राकडून ओला वारा. सदानंदशेठ म्हणाले, यंदा पाऊस लवकर येणार असं दिसतंय. मला खाडीवरची ती शेड दिसली. पत्रा एका बाजूने गंजला आहे. हे मला माहीत असायची काही गरज नव्हती.

शेठना आडून विचारलं, आपण सगळ्यांना दुकानाचाच ईमेल देतो, ते बरोबर आहे का? ते म्हणाले, अरे, त्यामुळेच तर माणूस परत आपल्याकडे येतो, दुसरीकडे जाईल कुठे? आणि त्यांनाही सोयीचं. तू आहेस ना फोन करायला.

हो, म्हणालो.

संकल्प: उद्या. लंडनने नाव फुकट द्यायचं. परोपकारी कंपनी असते तशी.

१३ मे, मंगळवार

आज नाही. फुकट दिलं तर विश्वास बसणार नाही. तीन हजारांवरून फुकट ही उडी फार मोठी होते. मध्ये एक टप्पा हवा. दीड हजार. मग फुकट.

१७ मे, शनिवार. संध्याकाळी ६

टप्पा पाठवायच्या आतच भिकीमावशी झेरॉक्सला आल्या. बावीस गोण्या काल व्यापाऱ्याला देऊन टाकल्या म्हणे, अर्ध्या भावात. तो टेम्पो घेऊन आला आणि माल बघत बघत म्हणाला, पाऊस आला की हेही देणार नाही. अठरा उरल्यात. मी विचारलं, सगळ्या का नाही दिल्या? त्या म्हणाल्या, टेम्पोत मावल्या नाहीत.

झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत. त्या म्हणाल्या, का रे, आज धर्मादाय? मी म्हटलं, मशीनची टेस्टिंग चालू आहे.

बावीस.

काल शुक्रवार होता. लाईट नव्हती, म्हणून टप्पा पाठवता आला नाही. महावितरणचं वेळापत्रक माझ्या हातात नाही. आणि गुरुवारी? गुरुवारी लाईट होती. हा प्रश्न कोणी विचारलेला नाही, तरी तो इथे उमटला आहे. खोडत नाही, वहीत खाडाखोड बरी दिसत नाही.

१९ मे, सोमवार

दिलं. सकाळी दुकान उघडल्यावर सगळ्यात आधी तेच केलं. नाव गटाच्या खात्यात वळवलं, मांजरं काढली, जुनी साइट होती तशी लावली. बोंबलांचा तो फोटो, तो खाडीवरचा पत्ता, दर, सगळं जसंच्या तसं. लंडनच्या वतीने शेवटचं पत्र लिहिलं: आपल्या प्रतिनिधींनी ज्या तळमळीने बाजू मांडली तिने आम्ही भारावलो आहोत.

काकींना फोन करून सांगितलं. काकी म्हणाल्या, बरं झालं बाबा. उद्या शेडवर ये. सगळ्या बायका आहेत.

सत्कार असणार. नको म्हणायला हवं होतं, पण त्यांचं मन मोडवेना. शाल आणली असेल तर नम्रपणे म्हणायचं, यात माझं काही नाही, मी केवळ निमित्त. नारळ मात्र घ्यावा लागतो. नाकारणं वाईट दिसतं.

दोन मिनिटांचं भाषण लिहिलं. तीनदा वाचून शुद्धलेखन तपासलं. कबुलीचं एक वाक्य शेवटी ठेवलं आहे. वातावरण पाहून घेईन.

२० मे, मंगळवार

इस्त्रीचा शर्ट घातला होता.

शेडमध्ये आठ-दहा बायका बोंबील निवडत बसल्या होत्या. शाल दिसली नाही. मला बसायला उलटं घमेलं दिलं. भिकीमावशींनी सुरुवात केली. म्हणाल्या, मनिष, तुझ्या त्या लंडनला पण शुक्रवारी लाईट जाते का रे? बाकी वारी पत्र येतं, शुक्रवारी येत नाही. बायका हसल्या. एक म्हणाली, आपल्याच फीडरवर असेल गं लंडन. दुसरी म्हणाली, मग बिल कोण भरतं, विचार ना.

मी म्हटलं, तो टाइम झोनचा प्रश्न आहे.

काकी हसल्या नाहीत. त्यांनी हातातला बोंबील खाली ठेवला आणि विचारलं, लंडनवाल्याला माझा गुडघा दुखतो हे कोणी सांगितलं? गोण्यांचं कोणी सांगितलं? मी तर त्याला गोण्यांचा शब्द लिहायला सांगितला नव्हता. मी सांगितलं होतं ते फक्त तुला, तुमच्या जिन्यावर चढून आल्यावर. मग साइटचं नाव ज्या कंपनीकडून घेतलं होतं, तिच्या कस्टमर केअरला भाविकाने फोन लावला. ती पोरगी म्हणाली, आम्ही पाच मेल पाठवलेत, पाचही उघडलेले दिसतात.

मी भाषण काढलं. वातावरण पाहिलं. भाषण परत खिशात ठेवलं. मग म्हणालो, तांत्रिकदृष्ट्या नाव मोकळं झालं होतं, आणि कोणीतरी घेतलंच असतं, तर मी म्हटलं बाहेरच्यापेक्षा आपल्या माणसाने घेतलेलं बरं.

हे बोलताना मला ते खरं वाटत होतं. बोलून झाल्यावर वाटलं नाही.

काकी म्हणाल्या, कोणीतरी घेतलं असतं तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या आणि झोपले असते. पाच तारखेपासून मला माहीत होतं रे. रोज वाटायचं, आज येऊन सांगेल. आज सांगेल. तुझ्यासाठी थांबले म्हणून बावीस गोण्या गेल्या.

मी म्हटलं, तुमचं जे नुकसान झालं ते...

कोणी ओरडलं नाही. काकींनी चहा दिला. शेठना सांगणार का, असं विचारायचं होतं, विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, शेठला मी काही बोलणार नाही, तुझ्या आईकडे बघून. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चहात आलं होतं.

गाडी मिळाली नाही. स्टेशनपर्यंत चालत आलो. चालताना हिशेब मांडत होतो की निदान अठरा गोण्या वाचल्या, त्या कोणामुळे? उत्तर 'माझ्यामुळे' असं येत होतं. दोनदा तपासलं. तरी ते कुठे लिहून ठेवावंसं वाटलं नाही.

२१ मे, बुधवार. सकाळी ११.४०

जयश्रीकाकी दुकानात आल्या. जिना एका एका पायरीवर थांबत चढल्या. सदानंदशेठ म्हणाले, या काकी, काय काढायचंय आज? काकी म्हणाल्या, मला माझा स्वतःचा ईमेल काढून पाहिजे. गटाचं सगळं त्याच्यावर वळव. दुकानाचा नको आता.

मी फॉर्म भरला. नाव, जन्मतारीख, मोबाईल नंबर. ओटीपी त्यांच्या फोनवर आला. नेहमी लोक ओटीपी मोठ्याने वाचून दाखवतात, अख्खं दुकान ऐकतं. काकींनी फोन छातीशी धरला, चष्मा लावला, कीबोर्ड स्वतःकडे ओढून एकेक आकडा स्वतः टाइप केला.

मग पासवर्डचा रकाना आला. मी सवयीने पेन उघडून वही घेतली. दुकानात पासवर्ड मीच लिहून ठेवतो, लोक विसरतात म्हणून.

काकी म्हणाल्या, वही मीट. आणि तोंड जरा तिकडे कर, पोरा.

रागाने नाही म्हणाल्या. सरक जरा म्हणावं तसं म्हणाल्या.

मी खुर्ची फिरवली. भिंतीवर दुकानाचं दरपत्रक आहे. मीच टाइप केलेलं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पॅन नवीन, पॅन दुरुस्ती. वरपासून खालपर्यंत वाचलं. एकही चूक नाही. पुन्हा वाचलं. काकी एका बोटाने टाइप करतात, वेळ लागतो.

बटणांचे आवाज मी मुद्दाम मोजले नाहीत.

अकरा.